चरखीला जोर न लावणारे खापरेकाका

रिव्हॉल्व्हरची चरखी, म्हणजे गोळ्या भरायचं ते फिरतं नळकांडं, एका हाताने झटका देऊन बंद करणारा माणूस दिसला की माझं डोकं फिरतं. आता मी कोण? पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला कारकून. उभ्या आयुष्यात स्टेपलरपेक्षा घातक हत्यार मी चालवलेलं नाही, आणि त्यातही दोनदा स्वतःचाच अंगठा टोचून घेतलेला आहे. पण परवा शेजारच्या लग्नात वरातीपुढे एक दाढीवाला तरुण मोबाइलसमोर उभा राहिला, त्याने रिव्हॉल्व्हरची चरखी भिंगरीसारखी फिरवली आणि मनगटाला झटका देऊन खाडकन बंद केली. माझ्या हातातली कचोरी खाली पडली. मी बँडच्या वर आवाज काढून ओरडलो, "अरे, ती चरखी आहे, तुझ्या सासऱ्याचं फाटक नाही!"

बँड थांबला. घोडीवरचा नवरदेव माझ्याकडे बघायला लागला. त्याचा सासरा तिथेच उभा होता, तो स्वतःच्या फाटकाकडे बघायला लागला. बायकोने मला दंडाला धरून घरी आणलं.

ते वाक्य माझं नव्हतंच. ते नीळकंठ खापऱ्यांचं होतं. काका आता नाहीत, त्यामुळे त्यांच्या वाट्याचं चिडायचं काम आमच्या गल्लीत माझ्याकडे आलेलं आहे. आणि ते एकट्या माणसाला झेपण्यासारखं नाही.

खापरेकाका शाहपुऱ्यात आमच्या घरापासून चौथ्या घरात राहायचे. राजधानी हलली तेव्हा त्यांचे वडील कचेरीच्या फायलींबरोबर नागपूरहून भोपाळला आले ते इथलेच झाले. काका पोलिसांच्या शस्त्रागारात लागले, पोलिसांच्या बंदुका दुरुस्त करता करता निवृत्त झाले, आणि मग जुन्या शहरातल्या एका सेठच्या परवान्याच्या बंदुकीच्या दुकानात मागच्या खोलीत बसू लागले. एक टेबल, एक दिवा, एक स्टूल. देह एवढासा, की वाऱ्याच्या दिवसांत काकू त्यांच्या खिशात दोन कानशी टाकून मगच घराबाहेर सोडायच्या. पण आवाज! काका दुकानात गिऱ्हाइकावर ओरडले की शाहपुऱ्याच्या तळ्यातली बदकं पलीकडच्या काठाला जायची. दुकान आणि तळं यांच्यात चांगलं सहा-सात किलोमीटर अंतर आहे, हे मला माहीत आहे. बदकांना माहीत नव्हतं.

आणि हा माणूस फटाक्यांना भ्यायचा. पोलिसांच्या शेकडो बंदुका ज्याच्या हाताखालून गेल्या, तो दिवाळीत कानात कापसाचे बोळे घालून देवघरात बसायचा. मी एकदा हसलो तर म्हणाले, "हसता काहून? आवाज कशानं होतो ते मला माहीत आहे, म्हणून भीती वाटते. तुम्हाला माहीत नाही, म्हणून तुम्ही हसता."

त्यांचा सगळा संताप एका शब्दावर यायचा. जोर. लोखंडावर जोर लावणारा माणूस त्यांना खुनी वाटे. कपाटाचं दार, नळाची तोटी, कुकरचं झाकण, काहीही अडलं आणि कुणी जोर लावायला गेलं की काका किंचाळायचे, "थांबा! आधी विचारा त्याला, का अडतो म्हणून!" आमच्या गल्लीत मी स्वतः पाहिलंय, भर उन्हात एक माणूस स्कूटर स्टँडवर लावता लावता थांबला आणि काकांच्या घराकडे भीतीने बघून स्टँडला म्हणाला, "क्यों भाई, क्या दिक्कत है?"

त्यांची कामाची रीत ठरलेली. कुणी हत्यार आणलं की पहिला शब्द, "मुँह उधर!" म्हणजे नळी भिंतीकडे. मग चरखी उघडायची, सहाही घरं रिकामी आहेत का ते स्वतः मोजायचं, आणि नंतर गिऱ्हाइकाला मोजायला लावायचं. मोठ्याने. एकदा सफारी घातलेला एक जाडजूड माणूस फणकारला, "अमां, खाली है, मैं कह तो रहा हूँ!"

"आपके जैसों के कहने से ही तो लोग मरे हैं," काका म्हणाले. "गिनिए."

त्या माणसाने बालवाडीतल्या मुलासारखं एक ते सहा म्हणून दाखवलं. काकांनी पुन्हा म्हणायला लावलं, कारण तो चारच्या नंतर घाईत होता.

मग हत्यार बाजूला ठेवून प्रश्न. कधीपासून अडते? शेवटचा हात कुणी लावला? काय घातलंत आत? 'चरखी नीट बंद होत नाही, बंद झाली तर फिरत नाही,' ही तक्रार घेऊन येणारा प्रत्येक जण बनवणाऱ्याला शिव्या देत यायचा. काका ऐकून घ्यायचे आणि मग चरखीवरून अंगठा असा फिरवायचे, जशी एखादी आजी नातवाचं पोट चाचपते. दर घराला सारखीच अडते, की एकाच घराला? रिकामी असताना अडते, की फक्त भरल्यावर? मागची चांदणी पूर्ण बसते, की वर उचललेली राहते? चांदणी म्हणजे चरखीच्या पाठीवरची ती पाकळ्यापाकळ्यांची पट्टी. दांडी दाबली की ती वर येते आणि रिकामी काडतुसं बाहेर ढकलते. "सगळे रोग हिच्या पदराखाली लपतात," काका म्हणायचे. "दारूची राख, कपड्याची लव, मालकाचा मूर्खपणा."

एकदा विदिशेहून कुणाचा फोन आला. काकांनी त्याला चरखी रिकामी करून मोजायला लावलं, मग फोन हत्याराजवळ धरून हळू फिरवायला सांगितलं, आणि तीन घरांचा आवाज ऐकून म्हणाले, "दांडी ढीली हो गई है आपकी. आटे सुटत आहेत तिचे. अभी बंद मत कीजिए, फिर खुलेगी नहीं." भावनेच्या भरात ते मधलं वाक्य मराठीत गेलं, तरी त्या माणसाला समजलं. तो म्हणाला, "बंद तो कर दी, साहब." त्यावर काका जे बोलले ते विदिशेत फोनशिवायही ऐकू गेलं असणार.

झटका देणाऱ्यांसाठी मात्र त्यांच्याकडे वेगळा कायदा होता. सीहोरकडच्या एका जमीनदाराचा मुलगा नवी कोरी गाडी घेऊन आला. रिव्हॉल्व्हर आजोबांचं, जुनं विलायती, बाजूला उघडणारं. चरखी बंद होताना एका बाजूने घासायची. काकांनी नुसतं डोळ्याजवळ धरून पाहिलं. ज्या भुजेवर चरखी बाहेर येते ती भुजा जराशी वाकली होती.

"झटके से बंद करते हो?"

"वो तो... स्टाइल में," मुलगा लाजत म्हणाला.

काका उठले, चप्पल घातली आणि दुकानाबाहेर गेले. मुलगा मागोमाग. काकांनी त्याच्या नव्या गाडीचं दार सताड उघडलं, दोन पावलं मागे गेले आणि त्या दाराला अशी लाथ घातली, की हबीबगंज स्टेशनावर उभ्या गाडीच्या गार्डने हिरवा झेंडा दाखवला.

"अरे! अरे! मेरी गाड़ी!"

"स्टाइल में," काका म्हणाले. "आपके दादाजी की चीज़ है तो झटका, और आपकी चीज़ है तो अरे अरे?"

सेठ धावत आला, माफी मागितली, चहा मागवला. पण तो मुलगा पुढच्या वेळी आला तेव्हा दोन्ही हातांनी, एका हाताने चरखीला आधार देत, अंगठ्याने हळू दाबून बंद करून दाखवत होता. काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. दाराचा विषय कुणी काढला नाही.

आपल्या माणसांचीही गय नव्हती. मंत्रालयातून निवृत्त झालेले एक मराठी साहेब, बोलणं अस्सल पुणेरी, ऐन जानेवारीत रिव्हॉल्व्हर घेऊन आले. चरखी जागची हलेना. काकांनी ती नाकाशी धरली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"साहेब, ह्याला काय लावलंत?"

"तेल. शुद्ध खोबरेल. घाण्याचं."

भोपाळच्या थंडीत खोबरेल गोठून चरखीच्या आसाभोवती पांढरं, घट्ट, मेणासारखं बसलं होतं. काकांनी हत्यार अगदी हळू टेबलावर ठेवलं.

"साहेब, हिची वेणी घालायची आहे का?"

"अहो, पण ते नैसर्गिक..."

"मग डोक्याला लावायचं ना! तिथं गरज दिसते!"

साहेबांच्या डोक्यावर मोजून अकरा केस होते. ते ताडकन उठले, हत्यार तिथेच टाकून गेले आणि तीन दिवसांनी नोकराच्या हाती चिठ्ठी पाठवली, 'कोणते तेल वापरावे ते कळवावे.' काकांनी चिठ्ठीच्या मागे लिहिलं, 'थोडे.'

हे सगळं मी हसत सांगतोय खरं. आता जे सांगायचं आहे ते हसत सांगता येत नाही. ते मी आजवर निदान चाळीस जणांना सांगितलं आहे, आणि दर वेळी माझा रक्तदाब वाढलेला आहे.

आमच्याकडे निवडणूक लागली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करावी लागतात. निकाल लागला की परत मिळतात. मधले दोन महिने ती ठाण्याच्या मालखान्यात, म्हणजे जप्तीचा आणि जमा झालेला माल ठेवतात त्या कोंदट खोलीत, चिठ्ठ्या लावून पडून असतात. त्या वर्षी दसरा झाला आणि आठवड्याभरात हत्यारं जमा झाली. आमच्या भागातल्या ठाण्यात मालखाना सांभाळायला लखनलाल नावाचा हेड कॉन्स्टेबल होता. सदतीस वर्षं नोकरी, आठ महिन्यांवर निवृत्ती, आणि नोकरीच्या पुस्तकावर एक डाग नाही. माणूस इतका सरळ, की जप्त केलेल्या कोंबड्यांनी मालखान्यात दिलेली अंडीसुद्धा त्याने नोंदवहीत चढवली होती, असं म्हणतात. निदान मी तरी म्हणतो.

तर निकालानंतर एक भैयाजी आपलं रिव्हॉल्व्हर घ्यायला आले. भैयाजी म्हणजे ठेकेदार आणि पुढारी, प्रत्येक फलकावर हात जोडून उभे असलेले. त्यांनी चिठ्ठी फाडली, चरखी उघडली. परत बंद करायला गेले तर बंद होईना. जोर लावून बंद केली तर फिरेना. भैयाजींनी तिथेच तांडव केलं. माझं लाखमोलाचं हत्यार पाडलं, आतला पुर्जा बदलला, चोर बसलेत ठाण्यात. हत्यार हातात घ्यायला नकार, वर ठाण्याच्या मोठ्या साहेबांकडे तक्रार, आणि मागणी एकच, या हेडला निलंबित करा.

जमा केल्याच्या पावतीवर लखनलालनेच लिहिलं होतं, 'सही हालत में प्राप्त.' म्हणजे आलं तेव्हा चांगलं, परत देताना बिघडलेलं. दोष कुणाचा? कागद सरळ लखनलालकडे बोट दाखवत होता. आठ महिन्यांवर निवृत्ती, आणि सदतीस वर्षांच्या कोऱ्या पुस्तकावर 'चोरी व हलगर्जीपणा' असे दोन शब्द चढायच्या बेतात. साहेबांनी आठ दिवसांची मुदत दिली आणि जाणकाराचं मत घ्यायला एका शिपायाबरोबर रिव्हॉल्व्हर सेठच्या दुकानात पाठवलं.

काकांनी रीतीप्रमाणे नळी भिंतीकडे केली, मोजलं, शिपायाला मोजायला लावलं. मग जोर न लावता चरखी हलकेच आत ढकलून पाहिली. अर्ध्या केसाने अडत होती. रिकामी असतानाही, आणि सहाही घरांना सारखीच. त्यांनी भिंग लावून चांदणीकडे पाहिलं. चांदणी बसलेली नव्हती. एका पाकळीखाली काहीतरी होतं.

हे मला काकांनीच त्याच दिवशी घरी येऊन सांगितलं. चहा कपात गार होत होता. "राजेहो," ते म्हणाले, "दांडी दाबली असती तर पाच सेकंदांत काम होतं. पण मी हात मागे घेतला. रोग बरा केला असता, तर तो होता हे कोणाला दाखवणार?"

सेठने मागून डोकावून पाहिलं होतं. भैयाजींच्या गोतावळ्यात जितकी हत्यारं, तितकी सगळी याच दुकानातून जायची. सेठ गोड आवाजात म्हणाला, "खापरे जी, निकाल के फेंक दीजिए जो भी है. और लिख दीजिए, गिरने से नुकसान हुआ, हमने ठीक कर दिया. भैयाजी भी खुश, अपन भी खुश."

"और लखनलाल?"

"अब उसका तो वैसे भी रिटायरमेंट है."

मी शपथेवर सांगतो, काका त्या वेळी ओरडले नाहीत. बदकं जागची हलली नाहीत. त्यांनी रिव्हॉल्व्हर कापडात गुंडाळलं, गाठीवर शिपायाची सही घेतली आणि त्याला म्हणाले, "साहब से कहना, राय लिखकर नहीं दूँगा. सामने दूँगा. तब तक इसको कोई खोले नहीं."

मग संध्याकाळी ते लखनलालच्या घरी गेले आणि मलाही नेलं, कारण चिडलेल्या माणसाला साक्षीदार लागतो. लखनलाल अंगणात खाटेवर बसला होता. सदतीस वर्षं ताठ उभा राहिलेला माणूस पाठीत वाकला होता.

"लखनलाल, पावती लिहिताना उघडून पाहिलं होतंत का?" काकांनी हिंदीत विचारलं.

लखनलालने मान खाली घातली. "नहीं बाबूजी."

"का नाही? नियम काय आहे?"

"बाबूजी, पूजा वाला था. दशहरे का. रोली लगी थी, कलावा बँधा था. मैंने हाथ जोड़े और रख लिया. पूजा की चीज़ पे कैसे उँगली करता?" रोली म्हणजे कुंकू, आणि कलावा म्हणजे पूजेचा लाल दोरा.

आता काका ओरडले. देवादिकांसकट सगळ्यांवर ओरडले. "हाथ जोड़ने से पहले खोलना था! भगवान सामने आए तो भी पहले मुँह उधर, फिर गिनती, फिर नमस्कार!" शेजारच्या तीन घरांत दिवे लागले. मग ते एकदम शांत झाले, लखनलालच्या शेजारी खाटेवर बसले आणि म्हणाले, "रोली लगी थी? और क्या लगा था? याद करो."

पुढच्या सोमवारी सकाळी साहेबांच्या खोलीत सगळे जमले. भैयाजी खुर्चीवर, मागे चार कार्यकर्ते उभे. लखनलाल भिंतीला टेकून, टोपी हातात. सेठही आला होता, भैयाजींच्या बाजूच्या खुर्चीवर. मला आत यायचं कारण नव्हतं. मी काकांची पिशवी धरून शिरलो आणि कुणी काढलं नाही. पिशवीत एक भिंग, एक मऊ ब्रश आणि एक बांबूची काडी. एवढंच.

काकांनी साहेबांकडून कोरा पांढरा कागद मागितला. गाठ सोडली. नळी भिंतीकडे. चरखी उघडली. "भैयाजी, गिनिए."

"मैं?"

"हथियार किसका है?"

भैयाजींनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मान हलवली. भैयाजींनी मोजलं. कार्यकर्त्यांपैकी एकाने सवयीने टाळी वाजवली.

मग काकांनी अगदी कौतुकाच्या सुरात विचारलं, "सुना है, इस बार दशहरे पे आपके यहाँ बड़ा शस्त्र-पूजन हुआ?"

बस्स. भैयाजी फुलले. फलकावर असतात तसे झाले. "बड़ा? अरे, पूरे मोहल्ले ने देखा! ग्यारह पंडित बैठाए. पहले पंचामृत से स्नान..."

"पंचामृत? दूध, दही, शहद?"

"सब! असली शहद, जंगल का! फिर रोली, फिर अक्षत. चरखी खोल के अंदर तक पूजा की, ऊपर-ऊपर से नहीं. श्रद्धा में कंजूसी मैं नहीं करता."

"फिर पोंछा?"

"पूजा का पोंछते हैं क्या? ज़ोर से दबा के बंद की और सीधे मखमल के डिब्बे में. और तीसरे दिन थाने में जमा."

साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं. काकांनी हत्यार कागदावर आडवं धरलं आणि अंगठ्याने दांडी हळूच दाबली. चांदणी वर आली, ती चिकट आवाज करत. मधाची तार ओढली गेली. काकांनी तिच्या खाली बांबूची काडी एकदाच फिरवली.

पांढऱ्या कागदावर तांदळाची एक कणी पडली. अर्धी तुटलेली, चेपलेली, कुंकवाने लालभडक.

काकांनी ब्रशने पाकळ्या साफ केल्या, दांडी सोडली, चांदणी जागेवर बसली. मग एका हाताने आधार देऊन अंगठ्याने चरखी आत ढकलली. टक. आवाज एवढाच. मग फिरवली आणि चरखी अशी फिरली, की साहेबांच्या टेबलावरचे कागद उडाले.

"साहब," काका म्हणाले, "मालखाने में भात नहीं पकता."

लखनलालने तोंडावर टोपी धरली. तो रडत होता की हसत होता ते मला दिसलं नाही. भैयाजी मात्र उभे राहिले आणि म्हणाले, "यानी आप पूजा का अपमान कर रहे हैं?"

"पूजा सामने रखके कीजिए ना. आपने तो उसको नैवेद्य खिला दिया!"

आता वाचकांना वाटेल, सत्याचा विजय झाला, मिठाई वाटली गेली. थांबा. लखनलालवरची चौकशी बंद झाली, हे खरं. त्याचं पुस्तक कोरं राहिलं. पण भैयाजींना कुणी एक शब्द विचारला नाही. एका पोलिसाला भरल्या ठाण्यात चोर म्हटलं, त्याबद्दल दिलगिरीची एक ओळ नाही. उलट साहेबांनी त्यांना दारापर्यंत पोचवलं. आणि फायलीत काय नोंद झाली? ती मी लखनलालकडून शब्दशः ऐकली आहे, म्हणून सांगतो. 'मामूली कचरा पाया गया, जिसे एक कारीगर द्वारा साफ करा दिया गया.'

एक कारीगर! ज्या माणसाने उभं आयुष्य पोलिसांच्या बंदुकांना वाहिलं, त्याला पोलिसांच्याच फायलीत नाव नाही! आणि त्या लालभडक कणीला नाव काय, तर मामूली कचरा! मी कारकून आहे, मला कळतं ना शब्द कशासाठी निवडतात ते. मी स्वतः तसले शब्द पोटासाठी वर्षानुवर्षं निवडले आहेत.

दुसऱ्या दिवशी काका दुकानात गेले तर त्यांच्या स्टुलावर काडतुसांची रिकामी खोकी रचलेली होती. सेठ वर न बघता म्हणाला, "आप अब आराम कीजिए, खापरे जी. उमर हो गई." काकांनी खोकी उतरवली नाहीत. स्वतःच्या कानशी, दोन चिमटे आणि भिंग पिशवीत घातलं, दिवा बंद केला आणि दुपारी एक वाजता घरी आले. काकूंनी विचारलं, "आज लवकर?" तर म्हणाले, "स्टूल अडलं होतं. जोर लावला नाही."

मी सेठच्या दुकानावर मोर्चा काढायची भाषा केली. तेव्हापासून आजतागायत त्या रस्त्यावरून मी जात नाही. माझं बंदुकीच्या दुकानात कधीच काही काम नव्हतं, ही गोष्ट वेगळी. गल्लीतल्या लोकांनी काय केलं? काकांकडे मिक्सर आणून द्यायला लागले. काका मिक्सरच्या भांड्यातही बोट घालण्यापूर्वी "वायर काढली का? दाखवा!" म्हणून ओरडायचे. पण त्या ओरडण्यातला दम गेला होता. बदकं काठाकाठाने पोहायची.

तीनेक महिन्यांत पुन्हा निवडणूक लागली, या वेळी दिल्लीची, लोकसभेची. पुन्हा हत्यारं जमा. मला मुलाकडे पुण्याला जायचं होतं, संध्याकाळची गाडी होती. त्या उन्हाळ्यात मी तिकडेच राहिलो आणि काका इकडे वारले. काकूंच्या फोनवरूनच कळलं. म्हणून मी पुण्याला निघालो त्या दिवशी सकाळी जे पाहिलं तेच माझ्यासाठी शेवटचं.

मी ठाण्यासमोरून रिक्षाने चाललो होतो. आवारात रांग लागली होती, हत्यारवाल्यांची. पोटं, सोनसाखळ्या, काळे चष्मे, काखेत मखमली डबे. व्हरांड्यात एक टेबल. टेबलामागे लखनलाल, पुढे पावत्यांचं पुस्तक, आणि शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत खापरेकाका, स्वेटर घालून, भिंग लावून. लखनलालने त्यांना बोलावून बसवलं होतं. कुठला हुकूम नाही, कुठल्या कागदावर नाव नाही. टेबलावर चहाचा एकच कप, तोही लखनलालचा.

मी रिक्षा थांबवली.

रांगेत पुढे भैयाजी होते. त्यांनी हत्यार टेबलावर ठेवलं. नळी कुठेतरी भलतीकडे होती.

"मुँह उधर!"

अख्खी रांग दचकून दोन पावलं मागे सरली. भैयाजींनी नळी भिंतीकडे केली.

"खोलिए. गिनिए. ज़ोर से."

"एक," भैयाजी म्हणाले. "दो."

"सुनाई नहीं दिया. पीछे वालों को भी सुनना चाहिए."

भैयाजींनी मागे पाहिलं. मागे त्यांचेच मतदार उभे होते. त्यांनी पुन्हा एकपासून सुरुवात केली, मोठ्याने. सहा म्हणून झाल्यावर काकांनी दोन्ही हातांनी बंद करायला लावलं, एका हाताने आधार, अंगठ्याने हलका दाब. मग फिरवायला लावलं. स्वतः डोळे मिटून ऐकत होते. लखनलाल पेन उचलून त्यांच्या तोंडाकडे बघत थांबला होता. काकांनी मान हलवल्यावरच त्याने पावतीवर लिहायला घेतलं.

रिक्षावाला म्हणाला, "चलें साहब? कुछ काम था थाने में?"

मी हात वर केला. काकांचं लक्ष नव्हतं. पुढच्या माणसाने आपलं हत्यार काढलं होतं आणि उघडी चरखी झटक्याने बंद करायला ऐटीत एका हातावर धरलं होतं, आणि काका खुर्चीतून उठत होते.